ओढाळ शेळ्या आणि त्यांचा वाडा

जे जनावर कुंपण मोडून किंवा ओलांडून पुनःपुन्हा परक्याच्या रानात शिरते त्याला मराठीत ओढाळ म्हणतात, आणि हे विशेषण बहुधा गाईगुरांना लावले जात असले तरी शेळीइतके ते दुसऱ्या कोणत्याही पाळीव जनावराला नेमके लागू पडत नाही. गाय जमिनीलगतचे गवत चरते. शेळी मात्र मुख्यतः पाला खाणारी, म्हणजे झुडपांचे कोवळे शेंडे, पाने, शेंगा आणि साली निवडून खुडणारी आहे, आणि या खाण्यासाठी लागणारी सारी साधने, मागच्या दोन पायांवर उभे राहण्याची ताकद, बोटांसारखा हलणारा वरचा ओठ, वीतभर दगडावरही तोल सावरणारे खूर, तिच्याजवळ जन्मतःच असतात. कोरड्या माळावर जी अंगे तिला जगवतात तीच वाड्यात कोंडल्यावर कुंपणाची परीक्षा घेऊ लागतात, त्यामुळे तिच्या पळण्याला खोडी म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे.

प्रस्तुत लेखिकेच्या घरी, धाराशिव जिल्ह्यातील बालाघाटाच्या पठारावरच्या शेतवस्तीत, गेली ८ वर्षे ज्या शेळ्या आहेत त्या याच भागाचे जुने नाव धारण करणाऱ्या उस्मानाबादी जातीच्या, बहुतांशी काळ्याभोर, लांब कानांच्या आणि वजनाने ३० ते ३५ किलोच्या आहेत. त्या विकण्यासाठी पाळलेल्या नाहीत. घरातील मुलांनी त्यांना काळी, चांदी, मंजुळा अशी नावे दिली आणि त्या नावांना त्या ओ देतात. सुरुवातीला त्यांच्यासाठी गावरीतीप्रमाणे बोराटीचे काटेरी कुंपण घातले होते. ते दोन महिनेही टिकले नाही, कारण वाळलेल्या बोरीच्या फांदीवर जो थोडा पाला राहतो तो खाण्यासाठीच शेळ्यांनी काटे बाजूला सारले, आणि कुंपणच वैरण झाले.

त्यानंतर तारेची जाळी आली. तिची घरे साधारण ६ इंचांची होती आणि जाळी विकत घेताना ती मजबूत आहे एवढेच पाहिले गेले. शेळीची शिंगे मागे वळलेली असतात; त्यामुळे पलीकडचे पान दिसले की डोके पुढे सहज जाते, परंतु मागे घेताना शिंगे तारेत अडकतात. एका पहाटे चांदी अशीच मान अडकून गुडघ्यांवर बसलेली सापडली. रात्रभर ओढून तिच्या कानामागची कातडी सोलवटली होती, तार पकडीने तोडावी लागली आणि सुटल्यावरही बराच वेळ ती जाळीकडे पाठ करून थरथरत उभी होती. तेव्हापासून या वाड्याला २ इंच घरांची जाळी आहे. तीत करडाचेही तोंड जात नाही. काटेरी तारेचा सल्ला अनेकांनी दिला, तो मानला नाही, कारण उडी मारणाऱ्या शेळीची कास त्या तारेने फाटते आणि कासेची जखम लवकर भरत नाही.

जाळीच्या उंचीविषयी मात्र घरात बराच काळ गैरसमज राहिला. प्रत्येक पलायनानंतर ती अर्धा फूट वाढवली जाई, आणि तरीही शेळ्या बाहेर पडत. नीट पाहिल्यावर कळले की त्या ५ फुटांची जाळी ओलांडत नव्हत्या, तर पायऱ्या वापरत होत्या: कोपऱ्यातल्या खांबाला आतून दिलेला तिरका टेकू, जाळीला टेकवलेली गव्हाण, पाण्याचे पालथे घातलेले पिंप. टेकू बाहेरच्या बाजूला गेले, गव्हाण आणि पिंप जाळीपासून ४ फूट आत सरकले, आणि तीच उंची पुरेशी ठरली.

फाटकाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. कडी-कोयंड्याची कडी मंजुळा कशी उघडते हे घरच्यांनी शेजारच्या ओसरीतून पाहिले तेव्हा आधी विश्वास बसला नाही: तिने कडी वरच्या ओठाने चाचपली, दातांच्या कडेने किंचित उचलली, सोडली, पुन्हा उचलली, आणि ती कोयंड्यातून निसटताच कपाळाने फाटक ढकलले. या प्रकाराला कुलूप हा उपाय नव्हे, कारण आग लागली किंवा कुत्री आत शिरली तर माणसाला फाटक तत्काळ उघडता आले पाहिजे. म्हणून फाटक आतल्या बाजूस उघडणारे केले, जेणेकरून शेळीच्या ढकलण्याने ते अधिकच घट्ट बसावे, आणि कडीत बाहेरून खाली एक खिटी, म्हणजे कडी सरकू नये यासाठी भोकात घालावयाची खुंटी, बसवली.

दावे आणि लोढणे या दोन जुन्या उपायांबद्दल येथे स्पष्ट मत नोंदवणे आवश्यक वाटते. लोढणे म्हणजे ओढाळ जनावराच्या गळ्यात अडकवलेला लाकडाचा ओंडका. चालताना तो पुढच्या पायांवर आदळतो, आणि गाभण शेळीला असे वागवणे क्रौर्यच आहे. दाव्याने बांधलेली शेळी कुंपणावर चढून पलीकडे उतरली तर तिला फास बसू शकतो, शिवाय या पठारावर लांडगे आहेत आणि बांधलेल्या जनावराला पळण्याचीही सोय नसते.

कुंपण निकामी ठरल्याची सर्वांत मोठी किंमत काळीने दिली. रब्बीची ज्वारी काढल्यानंतर अवकाळी पाऊस झाला, शेजारच्या रानात धसकटांना हिरवे फुटवे आले, आणि खिटी बसवण्यापूर्वीच्या त्या दिवसांत एका दुपारी काळी आणि मंजुळा त्या फुटव्यांवर जाऊन पोचल्या. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याच्या ताणानंतर आलेल्या फुटव्यांत, एक असा घटक असतो की चघळल्यावर आणि पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. ते पेशींना रक्तातला प्राणवायू वापरू देत नाही, म्हणून जनावर धापा टाकत असते आणि त्याच्या हिरड्या मात्र लालभडक दिसतात. गावात याला किराळ लागणे म्हणतात. काळी अडखळली, तोंडाला फेस आला आणि पशुवैद्यक पोचण्यापूर्वीच तिने मान टाकली. मंजुळाने कमी खाल्ले होते. शिरेतून सोडियम थायोसल्फेट दिल्यावर ती वाचली. ज्याच्या रानात हे घडले त्या शेतकऱ्याने नुकसानीचा शब्दही काढला नाही. वास्तविक १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात गुरे या शब्दाच्या व्याख्येत शेळ्या व करडे यांचाही समावेश आहे आणि पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात नेण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. तो मात्र काळीला पुरण्यासाठी खड्डा खणायला आला.

या घटनेनंतर विचाराची दिशा बदलली. शेळी कोठून पळाली याऐवजी ती कशासाठी पळाली हे पाहिले जाऊ लागले, आणि बहुतेक वेळा कारण वाड्याच्या आतच सापडले. दुपारी वैरण संपलेली असे. किंवा कळपातल्या बाकीच्या चरायला नेऊन एखादीला आजारपणामुळे मागे ठेवलेले असे, आणि कळपाने राहणारी शेळी एकटी पडली की तिला कोणतेही कुंपण अडवू शकत नाही. किंवा ती माजावर आलेली असे, जो माज सुमारे २१ दिवसांनी येतो आणि दिवस-दीड दिवस टिकतो, आणि त्या काळात वाऱ्यावर आलेला बोकडाचा वासही पुरतो. आता आजारी शेळीजवळ नेहमी एक सोबतीण ठेवली जाते आणि माजाच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेल्या असतात. शेवरी आणि हादग्याच्या जुड्या शेळीच्या डोक्यापेक्षा थोड्या उंच टांगल्या जातात, म्हणजे तिला मागच्या पायांवर उभे राहून खुडता यावे. सुबाभूळही देतात, पण एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी, कारण तिच्यातील मिमोसिन या द्रव्याने अंगावरचे केस गळतात. प्रत्येक शेळीमागे छपराखाली १० चौरस फूट आणि उघड्यावर त्याच्या दुप्पट जागा आहे, आणि मधोमध, जाळीपासून दूर, दगडांचा एक चौथरा रचलेला आहे. दुपारी त्यावरची सर्वांत उंच जागा चांदीची असते. ती तेथे बसून रवंथ करते आणि जाळीपलीकडचे रान पाहते.

पावसाळ्यात काम वाढते. पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींनी जाळीखालची माती वाहून जाते आणि करडाला पोट टेकून सरपटता येईल एवढी फट पडते, म्हणून रोज संध्याकाळी कंदील घेऊन जाळीच्या बुडाशी एक फेरी घातली जाते, फटीत दगड ठोकले जातात, खिटी हाताने ओढून पाहिली जाते, आणि मग करडे मोजली जातात. मंजुळाला गेल्या महिन्यात जुळे झाले आहे, त्यामुळे आता मोजणी सातपर्यंत जाते.