कोपऱ्यातलं दुसरं नाव

देवासला आमचे काका नोट प्रेसमध्ये होते. तिथल्या नोकरीचा शिरस्ताच असा, की कामावरची गोष्ट घरी काढायची नाही. फाटकाशी झडती देऊन बाहेर पडले की काकांच्या तोंडाला कुलूप. पण शाई, दाब आणि रेघ यांविषयी बोलायची हौस मात्र दांडगी, आणि तिला वाट मिळाली ती ग्युस्ताव दोरे या फ्रेंच चित्रकारामुळे. इंदूरच्या रद्दीवाल्याकडून त्यांनी ‘डॉन किहोटे’ची जुनी इंग्रजी प्रत आणली होती. बांधणी खिळखिळी, चित्रं मात्र शाबूत. रेघ कशी बघायची हे मी त्या पुस्तकावर, काकांच्या भिंगातून शिकलो.

पहिलंच चित्र घ्या. खुर्चीत हाडकुळा सरदार, एका हातात पुस्तक, दुसऱ्यात उगारलेली तलवार, आणि वाचलेलं सगळं भोवती जिवंत होऊन खोलीभर माजलेलं. काका म्हणायचे, “तोंड काय बघतोस, सावली बघ.” भिंग धरलं की सावली नाहीशी व्हायची. उरायच्या नुसत्या रेघा. कुठे समांतर, कुठे एकमेकींना छेदणाऱ्या, अंधार दाटला की दाट होणाऱ्या.

गंमत अशी, की यातल्या बऱ्याच रेघा दोरेच्या नव्हत्याच. तो लाकडी ठोकळ्यावर ब्रशने करड्या छटा देऊन मोकळा व्हायचा. त्या छटेची रेघ करायची ती खोदणाऱ्याने. कोरलं ते कागदावर पांढरं, राखलं ते काळं. नोटेचं नेमकं उलटं. तिथे शाई खाचेत बसते, जबर दाबाखाली कागद ती उचलून घेतो, म्हणून नखाला खरखर लागते. नोटेबद्दल काका एवढंच सांगायचे.

चित्राखाली एका कोपऱ्यात दोरेचं नाव, दुसऱ्यात एलिओदोर पिझांचं. हा पिझां म्हणजे खोदणारा. “आपल्या देवाससारखं,” काका हसायचे, “गाव एक, गाद्या दोन. थोरली पाती दोरेची, धाकटी पिझांची.”

दोरे 1832चा, स्ट्रासबुर्गचा. पंधराव्या-सोळाव्या वर्षीच पॅरिसच्या साप्ताहिकात चित्रं काढून कमवायला लागला. दान्तेच्या ‘इन्फर्नो’चा एवढा खर्च प्रकाशकाला पेलवेना, तर 1861 साली पदरमोड करून पुस्तक काढलं आणि ते गाजलं. 1863मध्ये ‘डॉन किहोटे’, मग बायबल, 1872मध्ये लंडनच्या गल्लीबोळांचं पुस्तक. तरी आपल्याला मोठा रंगचित्रकार मानत नाहीत ही सल त्याला 1883पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत पुरली. लंडनने त्याच्या रंगचित्रांसाठी स्वतंत्र दालन उघडलं, पॅरिसचे समीक्षक नाक मुरडत राहिले. मला त्याची कीव यायची. काकांना नाही. “नाव आहे ना त्याचं? मग रडतो कशाला?”

हे बोलणाऱ्या माणसाच्या हाताखालून किती नोटा गेल्या असतील, देव जाणे. त्यांच्यावर सही गव्हर्नरची.

मी आता पुस्तकांच्या मांडणीचं काम करतो. श्रेयनामावलीत चित्रकाराच्या खाली यंत्र चालवणाऱ्याचंही नाव घालतो. प्रकाशक बहुतेक वेळा ते काढून टाकतात; पुढच्या पुस्तकात मी पुन्हा घालतो.