कुंपणाबाहेर आलेली फांदी

फेब्रुवारीत बंगळुरूच्या कोरमंगलात चांगला फोटो मिळायला फारशी अक्कल लागत नाही. टॅबेबुया पानं झाडून मोकळा झालेला असतो, वरपासून खालपर्यंत नुसता गुलाबी, आणि खाली मोबाइल उंचावलेली माणसं. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. शहरात वर्षभर कुठे ना कुठे काहीतरी फुलत राहावं अशा बेताने झाडं लावायची, ही कल्पना 1908 मध्ये बंगळुरूला आलेल्या क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाची. पुढे 1980 च्या दशकात वनाधिकारी नेगिनहाळ यांच्या पुढाकाराने रस्तोरस्ती लाखो रोपं लागली.

सांगलीकडून येऊन इथे अकरा वर्षं झालेल्या तिनेही हे गुलाबी फोटो काढून झाले होते. खरा कॅमेरा मात्र कपाटातून निघायचा तो काबिनीच्या जंगलात जाताना. सकाळची चाळीस मिनिटांची फेरी ही साखर आटोक्यात ठेवण्यापुरती. त्यात बघायचं काय?

एकदा एका बंगल्याच्या कुंपणाबाहेर आलेली लिंबाची फांदी तिच्या खांद्याला घासली. कोवळ्या पानावर चंदेरी, नागमोडी रेघ होती. गोगलगाय फिरून गेल्यासारखी. पान उलटं करून उन्हाकडे धरलं, तर रेघेच्या मधोमध बारीक काळा दोरा. ती फुटपाथवर चक्क गुडघे टेकून बसली.

“एनादरू बित्ता, अक्का?” कोपऱ्यावरच्या फुलवालीने विचारलं. काही पडलं का?

घरी फोटो मोठा करून पाहिला आणि तिला हसूच आलं. ही तर नागअळी! माहेरी लिंबावर फवारणी करताना शंभरदा ऐकलेला शब्द, पण तिने ती कधी नीट पाहिलीच नव्हती. अळी पानाच्या पातळ सालीखाली राहते, आतलं खात पुढे सरकते. काळा दोरा म्हणजे तिची विष्ठा. रेघ सुरुवातीला केसाएवढी असते आणि अळी वाढेल तशी रुंद होत जाते.

मग ती रोज त्याच पानाशी थांबू लागली. काबिनीचा बिबट्या दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर थोडाच भेटतो? हे पान भेटत होतं. रेघ वळत वळत कडेपर्यंत गेली, मग कड दुमडली. आत कोष. त्यातून निघणारं पाखरू पंख पसरूनही चार-पाच मिलिमीटरचं. ते टिपायचं तर फक्त हजर राहायला हवं होतं.

एका सकाळी फाटक उघडून घरमालकीण बाहेर आल्या. हातात फवारणीचा पंप.

“पानं सगळी वाकडी झालीत, औषध मारते,” त्या म्हणाल्या.

गुडघ्यावरची माती झटकत ती उठली. “आँटी, एवढी एक फांदी सोडाल? दोनच दिवस.”

त्यांनी आधी फांदीकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. पंप खाली ठेवला आणि चष्मा आणायला आत गेल्या.