शिकाऊ हात आणि यंत्राचा हात

"शिकाऊ डॉक्टर तर नाहीत ना?" रुग्णाचे नातेवाईक आम्हाला हळूच विचारतात. आम्ही सरकारी रुग्णालयाच्या कॅथलॅबमधले कामगार. ट्रॉली ढकलतो, रुग्णाला टेबलावर घेतो. आम्ही सांगतो, "शिकाऊ आहेत, पण मोठे डॉक्टर शेजारी उभे असतात." डॉक्टर शिकले नाहीत तर उद्या आपल्याला वाचवणार कोण? प्रश्न एवढाच, की पहिली चूक कुणाच्या अंगावर व्हावी?

आता रक्तवाहिनीत तार व फुगा सरकवणारा रोबो निघाला आहे. टेबलाला यांत्रिक हात जोडलेला असतो. डॉक्टर शिशाच्या आडोशामागे बसून तो चालवतात. त्यामुळे क्ष-किरणांपासून त्यांचे रक्षण होते. डिसेंबर २०१८ मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात बसून, सुमारे ३२ किलोमीटरवरच्या अहमदाबादच्या रुग्णालयातील पाच रुग्णांवर अशी अँजिओप्लास्टी केली.

पण टेबलाजवळही डॉक्टर होतेच. वाहिनीत शिरायची वाट त्यांनी करून दिली. यंत्र अडले असते तर पुढचे काम हाताने करायला ते तयार होते. तार कुठे अडली हे बोटांना कळते. त्या यंत्रावर मात्र ते पडद्यावर पाहूनच ओळखावे लागे. पुढे २०२३ मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीने हृदयाच्या कामापुरता हा व्यवसाय बंद करायचे ठरवले. ज्याला केवळ यंत्रच येते, त्याने मग काय करावे?

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. डॉक्टरांनी आधी हाताने काम शिकावे. मग सिम्युलेटरवर, म्हणजे खोट्या रक्तवाहिन्यांवर, रोबोचा सराव करावा. यंत्र मध्येच थांबले तर ते बाजूला सारून हाताने काम कसे पुरे करायचे, याचीही तालीम व्हावी. त्या तालमीत परिचारिका आणि तंत्रज्ञही हवेत, कारण यंत्रात तार-फुगा भरून देणारे हात टेबलाजवळचेच असतात.

असे सिम्युलेटर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना आधी मिळाले पाहिजेत. गरिबाची मुले तिथे शिकतात आणि गरीब माणूस उपचारालाही तिथेच येतो. पहिली चूक व्हायचीच असेल, तर ती सिम्युलेटरवर होऊ द्या. आमच्या माणसाच्या अंगावर नको.