रक्त परत आलं त्या रात्री

स्नेहलतागंजातल्या जुन्या मंडळींना आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, आठवत असतील. त्यांच्या पायाची गोष्टही बऱ्याच जणांनी ऐकलेली आहे, पण अर्धीच. "पायात रक्ताची गाठ अडकली होती, काढली," एवढीच. खरी गोष्ट गाठ निघाल्यानंतर सुरू झाली.

2011 ची रंगपंचमी. गल्लीत रंग खेळून नाना अकराच्या सुमारास ओट्यावर टेकले आणि म्हणाले, उजव्या पायाला मुंग्या येताहेत. पाहता पाहता असह्य दुखायला लागलं. आईंनी तेल चोळलं, गरम पाण्याची पिशवी दिली, पण पाय गार तो गारच. दोन वाजता बोटं हलेनात. गेरमुळे राजवाड्याकडचे रस्ते बंद, सगळीकडे गर्दी. शेजारच्यांच्या गाडीतून बाहेरबाहेरच्या रस्त्यांनी दवाखान्यात पोहोचेपर्यंत तीन वाजले.

तिथल्या तरुण डॉक्टरने आधी काय केलं असेल, तर स्पिरिटच्या बोळ्याने पायावरचा जांभळा-हिरवा रंग पुसून काढला. खालून पाय पांढराफटक निघाला. घोट्यापाशी नाडी नाही, गुडघ्यामागे नाही. नानांच्या हृदयाचे ठोके अनियमित होते, त्यामुळे हृदयाच्या कप्प्यात रक्त साचून गाठ बनली आणि तिचा तुकडा वाहत येऊन मांडीच्या धमनीत अडकला, असं निदान झालं. स्नायू रक्ताशिवाय साधारण सहा तास तग धरतात. आमचे चार संपले होते.

जांघेत छेद घेऊन एक बारीक नळी आत सरकवतात. तिच्या टोकाला इवलासा फुगा असतो. गाठीच्या पलीकडे नेऊन तो फुगवायचा आणि ओढून घ्यायचा, म्हणजे गाठ बाहेर. ही युक्ती अमेरिकेतल्या टॉमस फोगार्टीने 1960 च्या सुमारास काढली, शिकत असतानाच, आणि पहिला फुगा रबरी हातमोज्याच्या बोटाचा होता. हे मी नंतर वाचलं. तेव्हा फक्त साडेसहाला बाहेर आलेल्या सर्जनचा चेहरा दिसला. पाय गरम झालाय, नाडी लागतेय. मग काय, फोनाफोनी झाली, आईंनी सकाळपासूनचा पहिला चहा घेतला.

रात्री एकच्या सुमारास नाना पुन्हा कण्हायला लागले. दुखणं दुपारपेक्षा जास्त. पोटरी लाकडासारखी टणक, कातडी चकाकणारी. नर्सने अंगठा जरासा वर वाकवला तर ते ओरडले. पिशवीतली लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. सर्जन परत आले आणि म्हणाले, पोटरी दोन्ही बाजूंनी उघडावी लागेल, सही करा.

आई एकदम उभ्या राहिल्या. "संध्याकाळी पाय वाचला म्हणालात ना? रक्त सुरू झालं ना? मग आता कापायचं कशाला?" ह्यांच्या हातातला पेन त्यांनी काढूनच घेतला.

डॉक्टर चिडले नाहीत. हिंदीत म्हणाले, माताजी, नर्मदेचं पाणी चार दिवस बंद राहून आलं की नळाला पहिलं काय येतं? गढूळ, गंजाचं. आणि जोराने आलं की सांधेही गळतात. पायात तेच झालंय. उपाशी राहिलेल्या पेशींना अचानक प्राणवायू मिळाला की त्याचीच विषारी रूपं तयार होतात, पेशींच्या भिंती फाटतात, पाणी झिरपून स्नायू सुजतात. पोटरीत स्नायूंचे चार कप्पे, त्यांचं आवरण ताणलं जात नाही. सूज आत कोंडली की तीच रक्तवाहिन्या दाबते, आणि पाय पुन्हा उपाशी. शिवाय मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात मिसळलं तर हृदयाचा ठोका चुकतो, आणि लघवी काळी करणारं द्रव्य मूत्रपिंडं बंद पाडतं. "आता प्रश्न फक्त पायाचा नाही," एवढं म्हणून ते थांबले.

आईंनी पेन परत दिला. एक शब्द बोलल्या नाहीत.

ही काही नवी गोष्ट नव्हे. 1941 साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी हे लिहून ठेवलंय. ढिगाऱ्याखालून काढलेली माणसं आधी ठीक दिसत, मग दबलेला पाय सुजे, लघवी काळी होऊन कमी होई, आणि काही दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊन ती दगावत. भूकंपात अडकलेल्या माणसावरचा दगड हलवण्याआधीच शक्य तर सलाईन सुरू करा, असं आज शिकवतात ते यामुळेच. सुटका होते त्याच क्षणी धोका अंगभर पसरतो.

नानांच्या पोटरीला दोन लांब छेद दिले आणि उघडेच ठेवले. पहिल्या ड्रेसिंगला मी होते. तो तपशील इथे नको. दोन दिवस सलाईनचा मारा, दर काही तासांनी पोटॅशियमची तपासणी, लघवीच्या रंगावर सगळ्यांची नजर. तिसऱ्या दिवशी ती पिवळी झाली तेव्हा आईंनी नर्सच्या हातावर पेढा ठेवला. पुढे मांडीची कातडी काढून जखमेवर लावली. महिन्याभराने नाना घरी आले, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि दर महिन्याची तपासणी घेऊन. पालेभाजी रोज सारखीच खायची, एकदम जास्त नाही, म्हणून अळूचं फदफदं मोजून वाढलं जाई. त्याची तक्रार त्यांनी शेवटपर्यंत केली.

पाय राहिला, पण एक नस पूर्ण सावरली नाही. पाऊल जरा लोंबकळे आणि वरून बधिर. चालता चालता उजवी चप्पल मागे राहायची आणि त्यांना कळायचंही नाही. गल्लीतली पोरं "नाना, चप्पल!" ओरडत ती आणून द्यायची.