वेळासच्या माहेरवाशिणी
मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणविसांचं मूळ गाव. पण आता तिथं जायचं ते कासवं बघायला! ऑलिव्ह रिडले जातीची मादी माहेरवाशिणीसारखी किनाऱ्याला येते, रात्री वाळूत शंभरेक अंडी घालते नि परत जाते. पूर्वी ती अंडी माणसं नि कुत्री-कोल्ही पळवीत. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं गावकऱ्यांना हाताशी धरलं. आता गावचेच लोक अंडी हुडकून कुंपणात पुरतात. पन्नासएक दिवसांनी पिल्लं निघतात. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे घरोघरी उतरतात, त्यामुळं बायकांच्या रांधण्यालाही मोल आलं. अंडी विकण्यापेक्षा राखण्यातच बरकत! मार्चमध्ये मुलांना घेऊन जरूर जा. मात्र पिल्लांना हात लावू देऊ नका.