परवाना तिथला, गाडी इथली

इंग्लंडमधल्या टॅक्सी आणि प्रायव्हेट हायर परवान्यांच्या नियमांनो,



तुमच्यातले काही थेट १८४७ सालचे, टाउन पोलीस क्लॉजेस ॲक्टमधले. रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक घेणाऱ्या घोडागाड्यांसाठी ते झाले आणि लंडनबाहेरच्या तशाच, म्हणजे हॅकनी, टॅक्सींना आजही तेच लागू आहेत. फोनवरून बुकिंग घेणाऱ्या मिनीकॅब, म्हणजेच प्रायव्हेट हायर गाड्या, पुढे आल्या, तेव्हा त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. त्यांच्यासाठी तुम्ही आलात १९७६ मध्ये, लोकल गव्हर्न्मेंट मिसलेनियस प्रोव्हिजन्स ॲक्टच्या दुसऱ्या भागात. राजधानीला तर १९९८ पर्यंत थांबावं लागलं. तोवर लंडनमध्ये कुणीही गाडी काढून मिनीकॅब चालवावी, अशी स्थिती होती.

तुम्ही कसे चालता, हे भारतातल्या माझ्या वाचकांना थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे हे काम राज्य सरकारच्या आरटीओचं असतं. इंग्लंडमध्ये ते स्थानिक कौन्सिल करते. अडीचशेहून अधिक कौन्सिल आपापल्या हद्दीत परवाने देतात. प्रायव्हेट हायरला तीन परवाने लागतात: बुकिंग घेणाऱ्या ऑपरेटरचा, गाडीचा आणि चालकाचा. तिन्ही एकाच कौन्सिलचे असले पाहिजेत. गाडीला कौन्सिलची प्लेट, चालकाच्या गळ्यात बॅज. रस्त्यात हात दाखवला म्हणून प्रायव्हेट हायर थांबू शकत नाही. आधी बुकिंग झालेलं असावं लागतं आणि त्याची नोंद ऑपरेटरने ठेवावी लागते.

ही रचना मला मनापासून पटते. त्यातली तीन परवान्यांची साखळी विशेष पटते. रात्री अनोळखी माणसाच्या गाडीत बसणाऱ्या बाईला त्या माणसाचं नाव कळलं तरी तो कसा आहे हे कळत नाही. ते तिच्या वतीने कुणीतरी आधीच पाहून ठेवलेलं असावं, आणि पाहणारा त्याच गावचा असावा, म्हणजे तक्रार कानावर यायला वेळ लागणार नाही, एवढा साधा विश्वास तुमच्या पायाशी आहे. सरकारने जुलै २०२० मध्ये कौन्सिलांसाठी जी मानकं काढली, त्यात परवाना देणाऱ्याने स्वतःला विचारायचा प्रश्नच दिला आहे: ज्याची मला काळजी आहे, अशा व्यक्तीला मी या चालकाच्या गाडीत एकटं, दिवसा किंवा रात्री कुठल्याही वेळी जाऊ देईन का? उत्तर नाही असेल, तर परवाना नाही.

पुण्या-नागपूरहून मँचेस्टर, लीड्स, शेफिल्डला शिकायला आलेल्या मुलींच्या घरी हा प्रश्न रोज विचारला जातो. लायब्ररीतून उशिरा निघालेल्या मुलीला आई फोनवर म्हणते, गाडीचा नंबर पाठव आणि पोचलीस की मेसेज कर. मीही इथे मँचेस्टरमध्ये राहते, आणि घरी मुक्कामाला आलेल्या भाचीला मी हेच सांगते. नंबर पाठवून आम्ही काय करणार, हे आम्हाला नीट माहीत नसतं. तुम्हाला माहीत असायला हवं. म्हणून हे पत्र.

तुम्ही ढिले पडलात की काय होतं, हे शेफिल्डशेजारच्या रॉदरहॅमने पाहिलं. ऑगस्ट २०१४ मध्ये ॲलेक्सिस जे यांच्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला. १९९७ ते २०१३ या काळात त्या गावात सुमारे १४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं असावं, असा त्यांचा अंदाज होता, आणि तोही हात राखून केलेला. टॅक्सीचालकांचा ठळक सहभाग हा देशभरातल्या अशा प्रकरणांतला एक समान धागा आहे, असं त्यांनी नोंदवलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकारने नेमलेल्या लुईस केसी यांचा त्या कौन्सिलच्या तपासणीचा अहवाल आला. कौन्सिलच्या कार्यकारी मंडळाला पायउतार व्हावं लागलं, केंद्र सरकारने आयुक्त नेमले आणि परवाने देण्याचा अधिकारही कौन्सिलच्या हातून काढून घेतला. त्याच वर्षी रॉदरहॅमने नवं धोरण आणलं. गाड्यांत कॅमेरे बंधनकारक झाले, चालकांना प्रशिक्षण आलं आणि जुन्या परवानाधारकांनाही नव्या कसोटीतून जावं लागलं.

त्या गावात इमानाने टॅक्सी चालवणारे शेकडो लोक होते. गुन्हा दुसऱ्यांचा, पण प्रवाशांच्या संशयी नजरा त्यांना झेलाव्या लागल्या, शिव्या खाव्या लागल्या. त्यातले बहुतेक पाकिस्तानी कुटुंबांतले. कडक नियमांची गरज त्यांना इतरांपेक्षा जास्त होती, कारण परवान्याला वजन असेल तरच परवाना असलेल्या माणसावर कुणी विश्वास ठेवतं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले त्याकडे येते. केसींचा अहवाल आला त्याच वर्षीच्या मार्चमध्ये संसदेने डीरेग्युलेशन ॲक्ट मंजूर केला आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून तुमच्यात दोन बदल झाले. एक, चालकाचा परवाना साधारणपणे तीन वर्षांचा आणि ऑपरेटरचा पाच वर्षांचा झाला. दुसरा मोठा: एका हद्दीतल्या ऑपरेटरने आपल्याकडे आलेलं बुकिंग दुसऱ्या हद्दीतल्या परवानाधारक ऑपरेटरकडे सोपवायला मुभा मिळाली. गाडीने हद्दीबाहेर जायला बंदी त्याआधीही नव्हती. पण बुकिंग घेणारी कचेरी गावात असे, फोन गावातून येत, गाड्या बहुतांशी गावात फिरत. मोबाइल ॲपने कचेरीच उडवली आणि नव्या कायद्याने उरलेली वेस पाडली. त्यानंतर मँचेस्टरमध्ये राहणारा, मँचेस्टरमध्येच दिवसभर गाडी चालवणारा माणूस वुल्व्हरहॅम्प्टनच्या परवान्यावर काम करू लागला. ते शहर इथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. त्याची प्लेट तिथली, बॅज तिथला, त्याच्या ऑपरेटरचा परवाना तिथला. तिन्ही एकाच कौन्सिलचे, म्हणजे तुमचं अक्षर पाळलं गेलं. ज्या रस्त्यांवर तो चालतो, त्या रस्त्यांच्या कौन्सिलला मात्र त्याच्याविषयी काही माहीत नाही. ग्रेटर मँचेस्टरमध्ये धावणाऱ्या प्रायव्हेट हायर गाड्यांपैकी जवळजवळ निम्म्या बाहेरच्या परवान्यांवर आहेत, असं इथले महापौर अँडी बर्नहॅम सांगत आले आहेत.

हे दुखणं २०१५ च्याही आधीचं आहे. स्कॉटलंडच्या सीमेवरचं बेरिक हे छोटं गाव एके काळी एवढे हॅकनी परवाने देत होतं की त्या गाड्या शंभरेक किलोमीटरवरच्या न्यूकॅसलमध्ये धावत. न्यूकॅसल कौन्सिल कोर्टात गेली. २००८ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की गाडी नेमकी कुठे चालवणार आहात, हे परवाना देताना विचारता येतं आणि नकारही देता येतो. लँकेशरमधल्या रॉसेंडेलची गोष्ट तशीच. शेवटी त्यांनीही अर्जदाराला हा प्रश्न विचारायला सुरुवात केली. पण हा निकाल हॅकनीपुरता. प्रायव्हेट हायरच्या बाबतीत तुम्ही अजून गप्प आहात.

वुल्व्हरहॅम्प्टनची तपासणी कडक आहे, असं तिथली कौन्सिल सांगते. त्यांचे अधिकारी दुसऱ्या शहरांत जाऊन गाड्या तपासतात. ते खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. माझा मुद्दा हा की तपासणी कितीही चांगली असली, तरी ती कुठे व्हावी हे चालकाने निवडायचं नसतं. परवान्याचं शुल्क परवाना देणाऱ्या कौन्सिलकडे जमा होतं आणि तुमच्याच सांगण्यावरून ते परवान्यांच्या कामावरच खर्च होतं. म्हणजे मँचेस्टरच्या रस्त्यांवर देखरेख ठेवायचा पैसा दुसऱ्या शहरात जातो. इथल्या कौन्सिलचा अधिकारी शनिवारी रात्री स्टेशनबाहेर उभा असतो आणि त्याच्यासमोर बाहेरच्या प्लेटची, घासून गुळगुळीत झालेल्या टायरांची गाडी येऊन थांबते. ती तपासायचा अधिकार त्या दुसऱ्या कौन्सिलने सोपवलेला नसेल, तर तुम्ही त्याच्या हाती काही ठेवलेलं नाही. फार तर तो तक्रार लिहून पाठवेल.

चालकांची बाजू मी ऐकली आहे. एका पावसाळी संध्याकाळी, वाहतूक तुंबलेली असताना, बाहेरच्या प्लेटच्या एका चालकाने मला सगळं समजावून सांगितलं. त्याने आधी आपल्या राहत्या गावातच अर्ज केला होता. उत्तर यायला महिने गेले. तोवर उत्पन्न शून्य, गाडीचा हप्ता चालू. त्याची गाडी चांगली होती, पण त्या कौन्सिलच्या वयाच्या अटीत बसत नव्हती. दूरच्या शहराचं शुल्क कमी, अर्ज ऑनलाइन, काही आठवड्यांत बॅज हातात. तो म्हणाला, मॅडम, मी पळवाट शोधली नाही, मला काम हवं होतं. मला त्याचं म्हणणं पटलं. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. एकाच देशात, एकाच कामाला, एका कौन्सिलमध्ये एक अट आणि वीस किलोमीटरवर दुसरी, हा गोंधळ तुमचा आहे. लॉ कमिशनने मे २०१४ मध्येच प्रायव्हेट हायरसाठी देशभर एकसारखी मानकं सुचवली होती. त्यानंतर कितीतरी सरकारं आली नि गेली.

२०२० ची मानकं आली तेव्हा बरं वाटलं होतं. चालकाची पोलीस नोंद दर सहा महिन्यांनी तपासावी, इंग्रजी बोलता-लिहिता येतं का पाहावं, शोषण कसं ओळखायचं याचं प्रशिक्षण द्यावं, ऑपरेटरकडे बुकिंग घेणाऱ्या माणसांचीही नोंद तपासावी, असं त्यात आहे. पण कौन्सिलांनी ती फक्त विचारात घ्यायची आहेत. सबळ कारण देऊन कुणीही बाजूला जाऊ शकतं. २०२२ च्या कायद्याने आणखी एक भोक बुजवलं: प्रवाशांच्या किंवा रस्त्यावरच्या सुरक्षेच्या कारणावरून एका कौन्सिलने नाकारलेला किंवा रद्द केलेला चालकाचा परवाना सामाईक नोंदवहीत लिहावाच लागतो आणि दुसऱ्या कौन्सिलने परवाना देण्याआधी ती वही पाहावीच लागते. दुसरीकडच्या चालकाबद्दल गंभीर गोष्ट कळली, तर त्याच्या कौन्सिलला कळवणं बंधनकारक झालं, आणि त्यांनी वीस कामकाजाच्या दिवसांत विचार करून निर्णय कळवायचा. हे चांगलं झालं. पण वीस कामकाजाचे दिवस म्हणजे चार आठवडे. चालक इथल्या कौन्सिलचा असता, तर सार्वजनिक सुरक्षेसाठी परवाना त्याच दिवशी काढून घेता आला असता. तो अधिकार तुम्ही कौन्सिलांना दिलेला आहे.

जून २०२५ मध्ये लुईस केसी पुन्हा आल्या, या वेळी देशभरातल्या शोषणाच्या प्रकरणांचा आढावा घेऊन. दहा वर्षांपूर्वी रॉदरहॅममध्ये जे पाहिलं, त्याची एक वाट अजून उघडी असल्याचं त्यांनी सांगितलं आणि हद्दीबाहेरच्या टॅक्सींचा प्रकार ताबडतोब थांबवा, अशी शिफारस केली. मी त्यांच्या बाजूची आहे. २०१८ मध्ये मोहम्मद अब्देल-हक यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेल्या गटाने उपायही सांगून ठेवला होता: प्रवास परवान्याच्या हद्दीत सुरू व्हावा किंवा तिथे संपावा. दोन्हींपैकी एक टोक तरी परवाना देणाऱ्या कौन्सिलच्या हद्दीत असलंच पाहिजे.

या उपायाची अडचण मला दिसते. ग्रेटर मँचेस्टरमधल्याच बरीहून मँचेस्टर विमानतळावर प्रवासी सोडलेल्या चालकाला परतताना बरीचंच भाडं मिळालं तर ठीक, नाहीतर रिकामी गाडी घेऊन यावं लागेल. पेट्रोल जळेल, भाडं वाढेल, आणि हद्दीच्या कडेवर राहणाऱ्या म्हाताऱ्यांना, व्हीलचेअरवरच्यांना गाडी मिळायला उशीर होईल. डायलिसिसला जाणाऱ्या माणसाचं हॉस्पिटल बहुधा दुसऱ्याच कौन्सिलमध्ये असतं. म्हणून हद्दी मोठ्या करा. ग्रेटर मँचेस्टरमध्ये दहा कौन्सिल आहेत. ट्राम सगळ्यांची एक, बस एक, महापौर एक, आणि टॅक्सीचा परवाना मात्र दहा ठिकाणी दहा तऱ्हांचा. तो एक करा. लंडनने एका प्राधिकरणाच्या हाती सोपवून हे केव्हाच केलं आहे.

आणि दुसऱ्या बाजूने खालची पातळी ठरवा, जिच्याखाली कुणालाच जाता येणार नाही. अर्ज किती दिवसांत निकाली काढायचा, हेही त्यातच लिहा. आपल्या गावातला परवाना चालकाला वेळेत आणि रास्त शुल्कात मिळाला, तर तो लांबच्या शहराकडे कशाला जाईल? आज ज्यांच्याकडे बाहेरचे परवाने आहेत, त्यांना मुदत संपेपर्यंत काम करू द्या आणि मग राहत्या भागात अर्ज करायला लावा. त्यांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या आहेत. एका रात्रीत त्यांचं काम काढून घेतलंत, तर तो अन्याय होईल.

हे सगळं व्हायला कायदा लागेल, संसदेचा वेळ लागेल. एक गोष्ट मात्र त्याआधीच होऊ शकते. प्रत्येक कौन्सिलने आपल्या प्लेटची गाडी तपासायचा अधिकार देशातल्या इतर सर्व कौन्सिलांच्या अधिकाऱ्यांना लेखी सोपवावा. काहींनी शेजाऱ्यांशी तसे करार केलेही आहेत. उरलेल्यांना पुढच्या बैठकीत हा ठराव मांडता येईल, म्हणजे स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या त्या अधिकाऱ्याला कुठल्याही प्लेटच्या चालकाकडे बॅज मागता येईल.

आपली,
मँचेस्टरमधली एक मराठी प्रवासी