अंगणांतली काजळी

आमच्या कऱ्हाडास हवा खाण्यासाठीं म्हणून कोणी येत नाहीं. पण श्रावणांत जो येईल त्याला ती येथें फुकट आणि उत्तम मिळते. अरबी समुद्रावरून निघालेला वारा सह्याद्रि ओलांडून कोयनेच्या खोऱ्यानें उतरतो, पाऊस आकाश धुऊन काढतो, आणि कृष्णा-कोयनेच्या संगमावर उभें राहिलें म्हणजे आगाशिवाच्या डोंगरावरचीं झाडें मोजून घ्यावीं इतकीं स्पष्ट दिसतात. माझ्या पांढऱ्या सदऱ्याची कॉलर त्या महिन्यांत दोन दिवस टिकते असें आमच्या सौभाग्यवतींचें मत आहे, व या विषयांत तेंच प्रमाण.

दिवाळी उलटली कीं हें सारें पालटतें. कारखान्यांचे भोंगे वाजूं लागतात, गुऱ्हाळें आणि वीटभट्ट्या पेटतात, उंसानें लादलेल्या ट्रॅक्टरांची रांग रस्ता अडवते, आणि अंगणांत वाळत घातलेल्या धुण्यावर काळीं, हलकीं, बोटभर लांब पिसें येऊन पडतात. हात लावला कीं त्यांची काजळी होते. ऊंस तोडून नेल्यावर शेतांत उरलेलें पाचट जाळतात, त्याचीं हीं पिसें. एकरीं तीन-चार टन पाचट निघतें; खोडवा राखायचा तर रान लौकर मोकळें व्हायला हवें, आणि त्यासाठीं काडी लावणें हा सर्वांत सोपा उपाय.

धुणें पुन्हां धुतां येतें. खरी गोष्ट आहे ती डोळ्यांस न दिसणाऱ्या धुराची. त्यांतले बारीक कण अडीच मायक्रॉनांहूनही लहान, म्हणजे केंसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी असतात. नाक त्यांना अडवूं शकत नाहीं व ते थेट फुप्फुसाच्या तळाशीं जातात. २००९ सालच्या आपल्या राष्ट्रीय मानकानें अशा कणांची चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरास ६० मायक्रोग्रॅम ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें १५ चीच शिफारस केली. असले आंकडे मी पूर्वीं वाचून सोडून देत असें. त्यांचा अर्थ मला कळला तो आमच्या थोरल्या काकूच्या खोलींत.

काकूला दमा आहे. पंचाहत्तरी ओलांडलेली ही बाई चातुर्मासांत नेमानें संगमावर जाऊन येते, आणि मार्गशीर्ष लागला कीं रात्रीं उशांना टेकून, बसून पहांट काढते. "थंडी बाधते हो हिला," असें आम्ही वर्षानुवर्षें म्हणत आलों. दोन वर्षांपूर्वीं पुण्याहून आलेल्या पुतण्यानें हवेंतले कण मोजण्याचें एक लहानसें यंत्र आणलें व तें तिच्या खिडकींत ठेवलें. दुपारीं त्यावरचा आंकडा खालीं असे. दिवेलागणीनंतर चढूं लागे, व पहांटे सर्वांत वर जाई. थंडी आणि आंकडा जोडीनें चढतांना पाहून मला प्रथम माझेंच म्हणणें सिद्ध झाल्यासारखें वाटलें.

"काका, धूर रात्रीं वर जातच नाहीं," पुतण्या म्हणाला. हिंवाळ्याच्या रात्रीं जमीन लौकर निवते, तिच्या लगतची हवा थंड व जड होऊन खोऱ्याच्या तळाशीं बसते, आणि वरच्या ऊबदार हवेचें तिच्यावर झांकण पडतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें मला गच्चीवर नेलें. सदाशिवगडाचा माथा उन्हांत लख्ख दिसत होता. कमरेखालीं मात्र राखी रंगाचा सपाट थर, दुलई अंथरावी तसा. जमीन तापेपर्यंत तो हलला नाहीं.

मी कांहीं बोललों नाहीं. कारण चारच दिवसांपूर्वीं आमच्या अडीच एकरांचें पाचट मीच पेटवून आलों होतों. कुळकायद्यांतून राहिलेला तो तुकडा गांवाला लागूनच आहे. आणि पेटविलें तेंही संध्याकाळीं, मोठ्या शहाणपणानें! दुपारीं वारा असतो, ठिणगी उडून शेजाऱ्याचा उभा ऊंस पेटायचा. म्हणून वारा पडण्याची वाट पाहावी, हें वडिलांनीं शिकविलेलें. शेजाऱ्याचा ऊंस वांचला. पण जो वारा ठिणगी नेतो तोच धूरही नेतो. तो पडल्यावर धुरानें जावें कोठें? त्या रात्रीं काकूला दोनदां औषधाचा फवारा ओढावा लागला, आणि मीं तिच्या पाठीवरून हात फिरवीत म्हटलें होतें, "काकू, यंदां थंडी फारच पडली."

गेल्या हंगामांत मीं काडी लावली नाहीं. धाकट्या भावाशीं त्यावरून बोलाचाली झाली, ती लपविण्यांत अर्थ नाहीं. पाचटाची यंत्रानें कुट्टी करणें, ती सरींत दाबणें, कुजण्यासाठीं युरिया, सुपर फॉस्फेट व जिवाणूंचें विरजण घालणें, हा खर्च काडीपेटीहून पुष्कळच अधिक. ओल टिकल्यामुळें पाण्याची एक पाळी वांचली, पण हिशेबाच्या वहींत अजून भावाचीच बाजू वरचढ आहे. आणि अडीच एकरांनीं खोऱ्याची हवा ती काय सुधारणार? चहूंकडे पाचट जळतच होतें. काकू त्याही मार्गशीर्षांत उशांना टेकून बसली.

अशाच एका रात्रीं मीं तिला सगळें सांगितलें; संध्याकाळची ती गोष्टसुद्धां. तिनें शांतपणें ऐकून घेतलें.

"मला ठाऊक होतें," ती म्हणाली. "तुझ्या सदऱ्याला वास येत होता." मग थोडा दम घेऊन, "पण त्या पाचटांत उंदीर फार होतील हो. एखादें मांजर नेऊन सोड शेतावर."